तब्येत साथ देत नाही, मशीनही नाही: दहा हजारांत सेकंडहँड काय काय बसेल?

पानजोडणी

नमस्कार मंडळी. भांडुपला राहते, घरून डीटीपी करते. पुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, अधूनमधून मुखपृष्ठं. यंदा फुप्फुसाचा टीबी निघाला. चार औषधांचे पहिले दोन महिने झाले, आता तीन औषधांचा टप्पा चालू आहे. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, घरच्यांना धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण अंगात त्राण नाही. सकाळी गोळ्या घेतल्या की मळमळतं, ते ओसरल्यावर जेमतेम दुपारपर्यंत बसता येतं. संध्याकाळी पाठ टेकल्याशिवाय गत्यंतर नसतं.

काम थांबवता येणार नाही. एका पुस्तकाचा आगाऊ हप्ता घेतलाय आणि तो घरभाड्यात गेलाय. अडचण अशी की बसायची जी दोन-अडीच तासांची ताकद आहे, तिचा अर्धा भाग मशीन खातं. चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. फाइल सेव्हला टाकली की चक्र फिरत राहतं आणि मी खुर्चीत डोळे मिटून बसते. आठ फॉर्म्यांचं (छपाईच्या घडीच्या मोठ्या कागदांचं) पुस्तक आहे, प्रूफं दुसऱ्यांदा आलीत, करेक्शन टाकायला घेतलं की दर पानाला हीच कथा.

दहा हजारांच्या आत काय होईल? नवं घेणं अशक्य, म्हणून सेकंडहँड. कॉम्प्युटरच्या पार्टांचा बाजार म्हणून लॅमिंग्टन रोड माहीत आहे, पण भांडुपहून दादरला गाडी बदलायची, पूल चढायचा, मग ग्रँट रोडला उतरून दुकानं पालथी घालायची, हे आता होणार नाही. एकदा गेले तर त्याच फेरीत काम व्हायला हवं. पार्ट खराब निघाला म्हणून परत जाणं मला परवडत नाही, पैशांनीही आणि अंगानंही.

आणखी एक. हल्ली मुखपृष्ठावरचा लाल मला विटकरी दिसतो, हिरवा राखाडी. मॉनिटर जुना आहे, पॅनेल गेलं असावं. सेकंडहँड मॉनिटर घ्यावा का? घेतला तर काय बघून?

स्क्रूड्रायव्हर

ताई, आधी लवकर बऱ्या व्हा. दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून क्रमाने सांगतो.

मशीन टाकून देऊ नका. पहिला खर्च एसएसडीचा (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क), आणि ते तेवढं नवंच घ्या. २५६ जीबीचं साटा (डिस्कच्या नेहमीच्या केबलला लागणारं) पुरेल. तुमचा निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपेल, कारण रॅम भरली की विंडोज हार्डडिस्कवर लिहायला लागतं आणि ती फिरती तबकडी रांगत चालते. एच८१ला साटाचे चार पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ जीबीपीएसचे, म्हणजे जास्त वेगाचे. बहुतेक बोर्डांवर त्यांचा रंग वेगळा असतो, शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. एसएसडी त्यातच लागलं पाहिजे. दुकानात घाईघाईत कुठेही खोचतात.

दुसरी रॅम, ही सेकंडहँड चालेल. तुमच्या बोर्डाला डीडीआर३ लागते, दोन स्लॉट, कमाल १६ जीबी. डीडीआर३ची काडी २४० पिनांची, डीडीआर४ची २८८ पिनांची, खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची बसणारच नाही. पण 'ईसीसी रजिस्टर्ड' लिहिलेली सर्व्हरची काडी स्वस्तात देतात, तिच्याकडे बघू नका. ती स्लॉटात बसते, मशीन मात्र उठत नाही. सध्या सगळ्याच रॅमचे भाव चढलेत. २०२५च्या अखेरीपासून कंपन्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये आपला 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऑफिसांच्या जुन्या मशीनमधून निघालेली डीडीआर३ अजून मिळते, म्हणून तुमचं जुनं मशीन या वेळी तुमच्या कामाचं आहे.

तिसरा प्रोसेसर. त्याच सॉकेटमध्ये आय५-४५७० बसतो. ४५९०सुद्धा बसतो, पण तो २०१४चा. तुमच्या बोर्डाचा बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) त्याआधीचा असेल तर उठणार नाही आणि बायोस अपडेट करायची नवी कटकट. ४५७०च मागा. प्रोसेसर सहसा मरत नाही, सेकंडहँड घ्यायला सगळ्यांत निर्धोक पार्ट हाच.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मात्र कुणी फुकट दिला तरी जुना घेऊ नका. जाताना तो एकटा जात नाही, बोर्ड आणि डिस्क घेऊन जातो.

बॅकस्पेस

मी वेगळं म्हणेन. ऑफिसांतून निघालेलं, दुरुस्त करून विकलेलं आठव्या पिढीचं ऑप्टिप्लेक्स किंवा थिंकसेंटर मशीन घ्या. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. चौथ्या पिढीवर पैसे घालणं म्हणजे पाडायच्या घराला रंग देणं. मॉनिटरचं म्हणाल तर आयपीएस पॅनेलचा (रंग चांगले दाखवणारा) घ्या, ऑफिसातून निघालेले चांगले मिळतात.

स्क्रूड्रायव्हर

चांगलं आठव्या पिढीचं मशीन त्यांच्या बजेटबाहेर जाईल, त्यात डीडीआर४ लागते आणि भाव तिचेच जास्त भडकलेत. शिवाय ताई, तुमचं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला खोचायच्या परवान्याच्या किल्लीवर, आहे का?

पानजोडणी

हो, डोंगलवरच. त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजवरच चालतो. नवी आवृत्ती घ्यायची तर सगळं बजेट तिथेच संपेल.

स्क्रूड्रायव्हर

मग मशीन बदलायचा प्रश्नच नाही. कामाचं मशीन नेटपासून तोडून ठेवा, मेल-बिल फोनवर, फाइली पेनड्राइव्हने.

बॅकस्पेस

डोंगल ध्यानात आलं नव्हतं. नेट तोडणार असाल तर माझा मुद्दा मागे.

अंगण

राग मानू नका, पण टीबीत काम कसलं करताय? सहा महिने विश्रांती घ्या. जीव राहिला तर पुस्तकं खूप येतील. मशीन घेण्यापेक्षा ते पैसे खाण्यापिण्यावर घाला.

पानजोडणी

अंगण, काळजीपोटी लिहिलंत, कळतं. पण सहा महिने घर कोण चालवणार? यजमानांचा पगार भाडं आणि मुलीच्या फीपर्यंतच पोचतो. पगारी रजा नोकरदाराला असते, माझ्यासारखीला पान लावलं तरच पैसे. आणि खरं सांगू, पूर्ण दिवस पडून राहिले की डोक्यात नको ते येतं. दोन पानं नीट लागली की त्या दिवशी जेवण जातं. मला कमी काम करायचंय, पण काम करायचंय.

प्रकाशकांना अजून सांगितलेलं नाही. टीबी म्हटलं की माणसं प्रूफंसुद्धा हातात घ्यायला कचरतात, हे वडिलांच्या वेळी पाहिलंय.

रात्रपाळी

मी नर्स आहे. मशीनमधलं कळत नाही, पण पहिल्या पोस्टमधला शेवटचा परिच्छेद वाचून लॉगिन केलं.

ताई, मॉनिटर विकत घेऊ नका. आधी हे करा, आत्ताच. तेच मुखपृष्ठ त्याच पडद्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाला दाखवा. मग उजाडल्यावर कुंकवाचा करंडा घेऊन खिडकीत दिवसाच्या उजेडात बघा. एक डोळा झाकून, मग दुसरा. एखादं बारीक अक्षरांचं पान दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं वाचून बघा. कुंकूही विटकरी दिसलं तर दोष पॅनेलचा नाही.

तुमच्या औषधांत एथॅम्ब्युटॉल असणार. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते पहिल्या दोन महिन्यांनंतरही चालू राहतं. काही रुग्णांत ते डोळ्याच्या नसेवर परिणाम करतं. लाल-हिरव्यातला फरक पुसट होणं ही त्याची सुरुवातीची खूण असते. लवकर लक्षात आलं आणि डॉक्टरांनी औषध थांबवलं तर बहुतेकांची नजर सुधारते, उशीर झाला तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

पण स्वतःहून गोळ्या बंद करू नका! तिन्ही औषधं एकाच गोळीत एकत्र असतात, त्यातलं एकच वगळणं तुमच्या हातात नाही, आणि सगळीच बंद केलीत तर टीबी औषधांना दाद देईनासा होण्याची भीती. उद्या सकाळी दवाखाना उघडताच जा आणि 'रंग ओळखण्यात फरक पडलाय' याच शब्दांत सांगा. किडनीचा त्रास असेल तर तोही सांगा, हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं.

स्क्रूड्रायव्हर

मॉनिटरवर मी काही लिहिलं नाही ते बरं झालं. ताई, आधी हे. बाकी सगळं थांबू शकतं.

बॅकस्पेस

माझा आयपीएसचा सल्ला कृपया सोडून द्या. रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

मरोळ_नाका

विषय सोडून विचारतो, माफ करा. मलाही टीबी आहे, मानेच्या गाठींचा, नुकताच निघालाय. एका पॅकिंग युनिटमध्ये डेटा एंट्री करतो. ताप अंगात घेऊनच जातो, कारण रजा घेतली की पगार कापतात. किरकोळ रजा संपल्या. अशा वेळी काही मिळतं का? की ताईंसारखं रेटायचं?

बॅकस्पेस

मरोळ_नाका, हे माझं रोजचं काम आहे, मी पगारपत्रकं करतो. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर स्लिपवर 'ईएसआय' (कर्मचारी राज्य विमा) नावाची कपात बघ, पगाराच्या ०.७५ टक्के. मालक त्यात ३.२५ टक्के घालतो. ती कपात होत असेल तर तुला दोन गोष्टी लागू होऊ शकतात.

एक साधा आजारलाभ. संबंधित सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. दुसरा वाढीव आजारलाभ. ईएसआयच्या यादीत ३४ दीर्घ आजार आहेत आणि टीबी त्यात आहे. त्यात ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. मात्र दोन वर्षं सलग नोकरी आणि चार वर्गणी-काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. दाखला ईएसआयच्याच डॉक्टरचा हवा, म्हणून खाजगीत उपचार चालू असले तरी आधी ईएसआय दवाखान्यात नाव लाव. हे पैसे मालक देत नाही, महामंडळ थेट तुझ्या खात्यात टाकतं. त्यामुळे मालकाची मर्जी सांभाळत तापात जायचं कारण नाही.

रात्रपाळी

आणि दोघांसाठी: निक्षयमध्ये (टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत) नोंद झाली आहे ना, बँक खातं जोडलंय ना, विचारून घ्या. पोषणासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. २०१८पासून ५०० होते, १ नोव्हेंबर २०२४पासून दुप्पट झाले. खाजगी डॉक्टरकडे उपचार असले तरी नोंद झालेल्या रुग्णाला ते लागू आहेत. अंगण, अंडी-डाळींची सोय त्यातून थोडी तरी होते.

पानजोडणी

उशिरा लिहितेय. करंडा घेऊन खिडकीत बसले. कुंकू विटकरी दिसलं, डाव्या डोळ्याने जास्तच. यजमानांना पडदा दाखवला, त्यांना लाल लालच दिसला. मॉनिटर ठणठणीत आहे.

सकाळीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ऐकताक्षणी ती एकत्र गोळी थांबवून बाकीची औषधं वेगळी लिहून दिली आणि नेत्रविभागात पाठवलं. तिथे रंगीत ठिपक्यांच्या पाट्या दाखवल्या, ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे. काही पाट्यांवर मला नुसते ठिपकेच दिसले. रोजचं जगणं रंगांवर, आणि आकडा समोर असून दिसत नाही, तेव्हा हात गार पडले. डॉक्टर म्हणाले की सुरुवातीलाच आलात, सुधारायची चांगली शक्यता आहे, पण वेळ लागेल. किडनीची तपासणीही केली, ती व्यवस्थित आहे.

रात्रपाळी, तुम्ही त्या रात्री लॉगिन केलं नसतं तर मी मॉनिटर शोधत बसले असते.

रात्रपाळी

डोळ्यांची पुढची तारीख चुकवू नका. बाकी काही नाही.

गिरगावकर

आतापर्यंत नुसता वाचत होतो. पानजोडणी, तुम्ही लॅमिंग्टन रोडला येऊ नका, मी जातो. माझं ऑफिस तिथून चालत पाच मिनिटांवर आहे. स्क्रूड्रायव्हर, काय काय तपासायचं ते लिहा. दुकान मी धरतो, तपासणी तुमची.

स्क्रूड्रायव्हर

वा! रविवारी नको, बहुतेक दुकानं बंद. अकरा-साडेअकरानंतर जा, संध्याकाळच्या गर्दीत कुणी मशीनला लावून दाखवत नाही. चोरबाजारात स्वस्त मिळेल, पण तिथे लावून बघायची सोय नसते, म्हणून या कामाला नको.

रॅमच्या सोनेरी पट्टीवर काळे डाग किंवा चरे नकोत. मशीनला लावून बायोसमध्ये पूर्ण ८ जीबी दिसते का बघा. मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर घेऊन जा, निदान एक फेरी पूर्ण होऊ द्या. एक जरी लाल ओळ आली तर काडी परत. प्रोसेसर घेताना कडेला चिपलेला कोपरा नको. या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरखाली नुसते सपाट ठिपके. ते पुसून बघा, थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणाऱ्या लेपाची) नवी पुडी बरोबर घ्या. बिलावर 'चेकिंग वॉरंटी' (खराब निघालं तर बदलून देण्याची मुदत) किती दिवसांची ते लिहून घ्या, तोंडी नको.

गिरगावकर

आज जाऊन आलो. सविस्तर लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

पहिल्या दुकानात मेमटेस्ट म्हटल्यावर "एवढा वेळ मशीन अडकवता येणार नाही" म्हणाले, पुढे निघालो. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवर फोमच्या तुकड्यात काड्या टोचून ठेवल्या होत्या. मालकाने एक काढली, शाळेतल्या खोडरबराने पट्टी घासली, फुंकर मारली आणि समोरच्या उघड्या बोर्डावर दोन्ही बाजूंनी 'टक्' आवाज येईपर्यंत दाबली. मेमटेस्ट लावला. पहिल्या काडीला सुरुवातीलाच लाल ओळी आल्या. काही न बोलता त्याने ती वेगळ्या डब्यात टाकली आणि दुसरी लावली. ती पूर्ण फेरी स्वच्छ गेली. तोवर मी दुकानाबाहेर उभा राहून ऑफिसचे फोन उरकले.

आय५-४५७० तिथेच मिळाला. प्रोसेसर बोर्डाला लावून दाखवला, बायोसमध्ये नाव वाचलं. एसएसडी नवं, सीलबंद, कंपनीच्या वॉरंटीचं. सगळं मिळून दहाच्या आत बसलं, वर पुडी. बिलावर चेकिंग वॉरंटी सात दिवस, शिक्क्यासकट. शनिवारी भांडुपला आणून देतो, पेस्ट लावून बसवूनही देतो. परत यायची वेळ आली तर मीच जाईन, ते तुमच्यावर नाही.

पानजोडणी

तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. शनिवारी गिरगावकर आले, यजमानांच्या मदतीने तासाभरात सगळं बसवलं. जुनी ४ जीबीची काडी दुसऱ्या स्लॉटात तशीच ठेवली, एकूण १२ जीबी दिसतेय. एसएसडी योग्य पोर्टातच लावलं, बोर्डावरची बारीक अक्षरं त्यांनी टॉर्च मारून वाचली. आठ फॉर्म्यांची फाइल उघडली आणि मी हात माउसवर ठेवेपर्यंत पहिलं पान समोर होतं. काल दीड तासात जेवढी करेक्शन टाकली, तेवढ्याला पूर्वी दोन सकाळी लागायच्या. उरलेला वेळ झोपले.

प्रकाशकांनाही फोन केला. इथे काहींनी विपुत (सदस्याच्या 'विचारपूस' पानावर) सुचवलं तसं आजाराचं नाव घेतलं नाही. 'तब्येतीचे उपचार चालू आहेत, पुस्तक तीन आठवडे पुढे जाईल' एवढंच सांगितलं. ते लगेच हो म्हणाले.

एक प्रश्न उरलाय. नजर पूर्ण सुधारेपर्यंत मुखपृष्ठं करावीत का?

स्क्रूड्रायव्हर

४ आणि ८ एकत्र चालतात, काळजी नको. जुनी हार्डडिस्क फेकू नका, पण तिच्यावर भरवसाही ठेवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. कच्च्या आकड्यांत शून्याच्या वर काही असेल तर पुस्तकाच्या फाइली आधी बाहेर काढा.

बॅकस्पेस

मुखपृष्ठाबद्दल: आमच्या छापखान्यातले जुने लोक पडद्यावर विसंबत नाहीत, शाईच्या टक्क्यांच्या आकड्यांवर चालतात. मॅजेंटा १००, यलो १०० म्हणजे भडक लाल, तो कुणाला कसाही दिसो. छापील रंगतक्ता जवळ ठेवा, आकडे त्यावरून घ्या आणि शेवटचं प्रूफ घरातल्या दुसऱ्या डोळ्यांकडून बघून घ्या. जिथे फोटोतल्या चेहऱ्याचा रंग सुधारायचा आहे ती कामं तूर्त घेऊ नका.

पानजोडणी

हे जमेल. मुलीला बसवते शेजारी, तिची नजर चांगली आहे.

मरोळ_नाका

बॅकस्पेस दादा, स्लिप बघितली. ०.७५ टक्के कपात आहे, दोन वर्षांपेक्षा जास्त काळापासून. पण मला कुणी कार्ड दिलेलं नाही. दवाखान्यात काय दाखवू?

बॅकस्पेस

कार्ड नसलं तरी विमा क्रमांक असणारच, दहा आकडी. तो स्लिपवरच असतो, नसेल तर ऑफिसात लेखी माग. तो क्रमांक आणि आधार घेऊन ईएसआय दवाखान्यात जा, टीबीचे रिपोर्ट सोबत ने. स्लिपचा फोटो मला विपुत पाठव, क्रमांक झाकून. १५६ दिवस भरतात का ते मी मोजून देतो.